लसणाचा वास

‘हा करा,’ साहेब म्हणायचे. आपण तोंड उघडून श्वास सोडायचा आणि त्यांनी नाक पुढे करून तो हुंगायचा. मगच प्रयोगशाळेत प्रवेश. पिंपरीच्या माळावर तेव्हा नुकते कुठे कारखाने उभे राहत होते. आमच्या लहानशा कारखान्यात ते मुख्य रसायनतज्ज्ञ होते आणि मी त्यांच्या हाताखाली.

ते शोधत असायचे लसूण. संशय आला की डबासुद्धा उघडायला लावायचे. आता चऱ्होलीहून सायकल मारत येणाऱ्या माणसाच्या डब्यात भाकरीबरोबर लसणाची चटणी नसेल तर काय असेल, तुम्हीच सांगा!

‘सायेबाचं सोवळं हाय,’ आमचा मदतनीस सखाराम कुजबुजायचा. ‘आमच्या जेवनाचा इटाळ हुतो त्यास्नी.’ मलाही तोच संशय होता, आणि रागही यायचा.

साहेब कारण वेगळंच सांगत. आमच्या कामात निकेल लागायचं आणि त्याला धरून ठेवायला फॉस्फिन नावाचं एक द्रव्य. ते नसलं की निकेल काळा गाळ होऊन तळाशी बसायचं. पण हे फॉस्फिन विषारी, हवा लागली तर पेट घेणारं, आणि वास हुबेहूब लसणाचा. ‘गळती झाली तर तुमच्या चटण्यांत मला कळणार कशी?’ ते खेकसायचे. आम्हाला ती सबब वाटायची.

एका दुपारी वास आला. साहेब थेट सखारामवर धावले. ‘पुन्हा खाल्लास! उद्यापासून येऊ नकोस.’

‘आईच्यान न्हाई, सायेब. आज उपास हाय माजा.’

साहेबांचा चेहरा उतरला. आम्हाला ढकलतच त्यांनी बाहेर काढलं, नाकाला रुमाल बांधला आणि एकटे आत जाऊन गळका व्हॉल्व्ह बंद केला. सखारामची नोकरी राहिली. साहेब मात्र त्या विषारी वाफेमुळे तापानं अंथरुणाला खिळले. त्या संशयी माणसासाठी माझा जीव पहिल्यांदाच तुटला.

ते परतले ते राजीनामा द्यायलाच. ताप गेला होता, पण नाकही गेलं होतं. कसलाच वास येत नव्हता. जाण्याआधी एकदा प्रयोगशाळा बघावी म्हणून दाराशी आले आणि थबकले.

‘सखाराम, वास येतोय का रे?’

ज्याला हाकलून देत होते, त्यालाच विचारत होते.

सखारामनं आत डोकं घालून हुंगलं. ‘न्हाई, सायेब. पन थांबा, आदी मी जाऊन बगतो.’

साहेबांनी त्याचा दंड धरून त्याला थांबवलं.

‘तू नाही म्हणालास ना? मग झालं,’ ते म्हणाले आणि आत गेले.