काचेवरचं हळदीचं बोट

जिन्याखालची अडगळ काढताना आमची जुनी सूर्यचूल सापडली आणि उन्हात तापलेल्या काळ्या रंगाचा वास आठवला. ऐंशीच्या दशकात, आमच्या लग्नानंतर वर्षभराने, रॉकेलची रांग चुकवायला बायकोने ती कळंब्याच्या घरी आणली होती. आत काळे डबे, वर काच, झाकणाला आरसा. "उन्हात पापड वाळत्यात, डाळ शिजत न्हाय," आई म्हणाली. "आज न्हाय शिजली तर पेटी परत द्यायची." बायकोने डाळ लावली, काच उघडू नका असं बजावलं आणि ती शाळेत शिकवायला गेली. थोड्या वेळाने गच्चीवर गेलो तर आई काच उचलून आत डोकावत होती. तिला थांबवायला गेलो आणि मीही वाकलो. चष्म्यावर वाफ आली. "बुडबुडं येत्यात की रं!" आई हरखून म्हणाली. मग ते बुडबुडे आम्ही कितीदा पाहिले, देव जाणे. बायको आली तेव्हा डाळ दाताखाली कचकचत होती. काचेवर उमटलेलं हळदीचं बोट बायकोने पदराने पुसलं आणि म्हणाली, "आत्याबाई, उद्या तुम्हीच लावा." दुसऱ्या दिवशी आई पेटीजवळ राखणीला बसली. मी जवळ जाताच ओरडली, "हात लावू नगंस, वाफ जाती!" त्या दुपारी डाळ लोण्यासारखी शिजली. पुढे आई गेली आणि सोय म्हणून आम्ही गॅसच जाळत राहिलो, याची लाज वाटून आज पेटी पुन्हा उन्हात ठेवली आहे. डाळ कुठवर आली ते बघायला हात पुढे जातो, आणि तो ओरडा आठवून मागे येतो.