देवीच्या जागी बसायला बाई हवी

आमच्या इंदुरात त्या राणीला कुणी राणी म्हणत नाही, देवी म्हणतात. नाव सांगायची गरजच नाही, गावातलं शेंबडं पोरही ओळखेल. श्रावणात तिची पुण्यतिथी आली की आमच्या मराठी महिला मंडळाला कर्तृत्ववान स्त्रियांचा पुळका यायचा. त्या बायकांचा मला तेव्हाही तिटकारा होता, आजही आहे. उगाच गोड कशाला बोलू?

मिलला टाळं लागलं त्या वर्षीची ही गोष्ट. माझी आत्या ऐन तारुण्यात विधवा होऊन आमच्याकडे आली होती आणि मिलच्या पाळणाघरात आया होती. मिल बंद झाली, पाळणाघरही गेलं. घरात तिला कुणी चकार शब्द बोललं नाही, पण बसून खाणं तिला गोड लागेना. त्यात पोरांची सवय. दुपारी नुसती भिंतीला टेकून बसायची, बघवायचं नाही.

तेवढ्यात मंडळानंच पाळणाघर काढायचं ठरवलं. मिलमधल्या बायांची पोरं इतकी वर्षं कुठं वाढतात याची यांना कधी चौकशी नव्हती. आता यांच्याच सुना कॉम्प्युटरच्या ऑफिसांत जायला लागल्या होत्या ना! आत्यानं अध्यक्षीणबाईंच्या घरी जाऊन काम मागितलं. पुण्यतिथीचा कार्यक्रम पार पडू दे, मग बघू, असं त्या म्हणाल्या.

कार्यक्रम म्हणजे झाँकी. थोर स्त्रियांचे वेश घेऊन मंडळाच्या बायका स्टेजवर बसायच्या. तलवारवाल्या राणीसाठी दरवर्षी भांडणं व्हायची. लढली तेव्हा तीही विधवाच होती, पण तिला नथ, शालू, ठसठशीत कुंकू लावून घोड्यावर बसवायची सोय होती. सातासमुद्रापार जाऊन डॉक्टर झालेलीसाठी दोघी, मुलींची शाळा काढणारीसाठी तिघी तयार. अडायचं ते नेमकं देवीपाशी. पांढरी साडी, कोरं कपाळ, मोकळा गळा. तिनं बांधलेले घाट, विहिरी, धर्मशाळा मोजताना ज्यांची जीभ थकत नसे, त्यांच्यातली एकही बाई दोन तासांपुरतं मंगळसूत्र काढायला तयार नव्हती. नवरा धडधाकट असताना असला अपशकुन कोण करणार? आधीच्या वर्षांत नुसत्या तसबिरीवर भागवत. त्या वर्षी पाहुणे मोठे येणार होते, म्हणून यांना जिवंत देवी हवी होती आणि आत्या आठवली. तिला काही उतरवायचंच नव्हतं.

आई भयंकर चिडली. यांच्या मेल्या झाँकीसाठी आमच्या माणसाचं वैधव्य कामाला येतं होय, म्हणाली. आत्या म्हणाली, बसते गं, काम मिळेल.

ती बसली. तळहातावर पितळेची पिंड, ताठ मान, तोंडातून शब्द नाही. दिसली मात्र खरंच देवीसारखी. झाँकी संपल्यावर रिवाजाप्रमाणे बायका एकेक करून तिच्या पाया पडल्या. अध्यक्षीणबाईंनी तर किरकिरणारा नातू आशीर्वादासाठी तिच्या मांडीवर ठेवला. एका हातात पिंड तशीच धरून आत्यानं दुसऱ्या हातानं त्याला थोपटलं आणि पोरगं गाढ झोपलं. मी आईला कोपरानं ढोसलं. म्हटलं, झालं, काम पक्कं.

मग पोहे-जिलबीच्या बशा फिरल्या. आत्या त्याच साडीत अध्यक्षीणबाईंपाशी गेली आणि कधीपासून येऊ असं विचारलं. बाई जिलबी खाता खाता म्हणाल्या, हाताला गुण आहे हो तुमच्या, वाद नाही. पण सकाळी सकाळी नव्या लग्नाच्या पोरी बाळं सोडायला येणार आणि दारात पहिलं तुमचं तोंड. समजून घ्या. भांड्याकुंड्यांचं काही निघालं तर जरूर कळवीन.

आत्या आवाज चढवणारी नव्हतीच. हळूच म्हणाली, "ताई, मघाशी नातू माझ्या मांडीवर ठेवलात, तेव्हा मी कोण होते?"

बाई क्षणभर गोंधळल्या. तोंडावर लबाडीचा लवलेश नाही, आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली ती त्यामुळंच. प्रश्नच चुकीचा असल्यासारखं त्या म्हणाल्या, "अहो, तेव्हा तुम्ही देवी होतात ना."

आत्यानं पिंड टेबलावर ठेवली आणि साडी बदलायला गेली. पुढच्याच आठवड्यात सांवेर रोडच्या कारखान्यात शेवेची पाकिटं भरायला जाऊ लागली. तिथं पोरं नव्हती. ते तिला फार लागलं, पण सकाळी तिचं तोंड बघून कुणी दार लावून घेत नव्हतं.

दुसऱ्या श्रावणात अध्यक्षीणबाई पेढे घेऊन आमच्या दारात हजर! आत्यानं त्यांना पाणी दिलं, चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, "यंदा तुम्ही बसा."

पेढे तिथंच टाकून बाई उठल्या. त्या वर्षी स्टेजवर पुन्हा तसबीर होती. समोर सुवासिनी मात्र चिक्कार.