तुमची पोरगी असती तं?

कॉलेजच्या सुट्टीत घरी आली की कापूस वेचून परतताना ती आमच्या फाटकापाशी थांबायची, डावा तळहात पुढं करायची आणि म्हणायची, "सर, आजचे पाच." तळहातावर नुसता निळा डाग. सकाळी बॉलपेननं लिहिलेले पाच स्पॅनिश शब्द दिवसभरात घामानं गेलेले असायचे. "कुठायत?" मी विचारायचो. "पुसले म्हंजे आत गेले, सर." आणि पाचही शब्द धडाधड म्हणून दाखवायची.

आर्णीकडच्या तुमच्यापैकी कोणी तिला पाहिलंही असेल. जवळच्या तांड्यावरची. एक काडी दोऱ्यानं बांधलेला चष्मा, पायात भावाचे बूट. मी तिला अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवलं. हैदराबादला स्पॅनिशच्या बी.ए.ला कोरी पाटी चालते, हे मीच कुठंतरी वाचलं आणि तिचा फॉर्मही मीच भरला. चांगुलपणानं नव्हे. गंमत म्हणून. "जिले नागपूरची गाडी धड सापडत नाही, ते आता स्पॅनिश बोलते," असं म्हणून मी स्टाफरूमला आठवडाभर हसवलं होतं.

तिला प्रवेश मिळाला. मग मी पेढे खाल्ले आणि 'माझी विद्यार्थिनी' म्हणू लागलो.

दुसऱ्या वर्षी दिवाळीत आली तेव्हा प्राचार्यांनी तिला माझ्या वर्गावर बोलायला उभं केलं. म्हणाली, "तिकडं स्पेनात माणसाले दोन आडनावं असतात. बापाचं अन् याडीचं बी. आपल्या याडीचं आडनाव लगनातच मरते." याडी म्हणजे आई. मागच्या बाकावरच्या पोरी हसल्या, मग एकमेकींकडं बघू लागल्या. मग तिनं तिकडचं एक जुनं अंगाईगीत म्हटलं, आधी स्पॅनिशमध्ये, नंतर गोरबोलीत, तांड्याच्या भाषेत. माझ्या तासाला मोबाइलमध्ये बुडालेली पोरं मान वर करून ऐकत होती. बाहेर पडताना प्राचार्य म्हणाले, "सर, पोरगी तं तुमच्याहून भारी शिकवते हो!" सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं मी. पण ते वाक्य माझ्या पोटात राहिलं.

बी.ए. संपता संपता तिला स्पेनमध्ये, ग्रानादाला वर्षभर शिकायची संधी आली. सगळा खर्च तिकडचा. फक्त घरून 'जा' म्हणायला हवं होतं.

आमच्याकडे सल्ला विचारायची एक रीत आहे. चांगलं की वाईट, असं कोणी विचारत नाही. 'तुमची पोरगी असती तं?' एवढंच विचारतात, आणि जे उत्तर येईल ते शेवटचं. तिचे वडील तांड्याच्या नायकांना घेऊन माझ्याकडे आले. ती ओसरीच्या पायरीवर उभी.

"सर, पयला कागद तुमीच भरला होता," वडील म्हणाले. "आताबी तुमीच सांगा. तुमची पोरगी असती तं धाडली असती का?"

मी चहाचा घोट घेतला. कप खाली ठेवला.

"नसती धाडली."

"झालं मंग," नायक उठले.

ती पायरीवरूनच म्हणाली, "सर, खरं सांगा न."

"खरंच सांगून राह्यलो," मी म्हणालो.

माझ्या घरात तेव्हा माझी मुलगी आतल्या खोलीत जर्मनच्या क्लासचा अभ्यास करत होती. दार मीच ओढून घेतलं होतं, त्यांची मोटारसायकल फाटकाशी थांबली तेव्हाच. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

त्याच उन्हाळ्यात तिच्या वडिलांनी तिचं लग्न केलं. ढाणकीला दिली. नवऱ्याचं बियाण्यांचं दुकान.

दोन वर्षांनी माझी मुलगी जर्मनीला निघाली. आम्ही पूजा घातली, जेवण ठेवलं. तांड्यावरून तिचे वडील नारळ घेऊन आले, सोबत ती, कडेवर लेकरू. पंगतीत माझ्याशेजारी बसून वडील हळूच म्हणाले, "तवा जमाना येगळा होता. नाही का, सर?"

टोमणा नव्हता तो. बिचाऱ्याला माझ्याकडून आधार हवा होता. स्वतःच्या निर्णयाला.

"हो न, भाऊ," मी म्हणालो आणि त्यांना आणखी एक जिलबी वाढायला लावली.

जाताना तिनं माझ्या मुलीचा हात हातात घेतला. "रोज पाच शब्द करजो. हातावर लिहजो, कागद हरवते." मुलगी हसली. मला काहीतरी बोलावंसं वाटलं, आणि जे सुचलं ते हे, "अन् तुझे आजचे पाच?"

तिनं लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं. डावा तळहात माझ्यापुढं उघडला. बियाण्यांना लावतात त्या औषधाचा गुलाबी रंग रेषांमध्ये बसला होता.

"पुसले, सर."

पुढचं मला पाठ होतं. मी थांबलो. तिनं मूठ मिटली आणि फाटकाबाहेर गेली.