न पाहिलेला सामना

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कोल्हापुरात भावाला नाही. सांगण्यासारखं त्यात काही नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावत होतो. एका फुटबॉल क्लबचे चार रिकामटेकडे समर्थक, त्यांच्या गप्पा, त्यात मी बोललेलं एक वाक्य — एवढंच. पण एवढंच असतं तर ते लिहायला एवढी वर्षं का लागली असती?

मी चेन्नईजवळ ओरगडमला गाड्यांच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. बाहेरून येणारे सुटे भाग तपासायचे, घ्यायचे की रिजेक्ट करायचे ते ठरवायचं, सही करायची. भाग हातात घेऊन बघितल्याशिवाय मी सही करत नाही. नवीन पोरांना पहिल्याच दिवशी हे सांगतो. जरा दरडावूनच सांगतो.

चेन्नईत आलो तेव्हा भाषा येत नव्हती, ओळखपाळख नव्हती. फुटबॉल तेवढा होता. मी कोल्हापूरच्या पेठेत वाढलेला माणूस. आमच्याकडं रविवारच्या सामन्यासाठी लग्नाची तारीख पुढं ढकलणारे लोक आहेत. त्यामुळं इथं आल्यावर पहिल्याच महिन्यात लीगचा सामना शोधून स्टेडियमच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. भावाशी फोनवर बोलत होतो, तर शेजारच्या वयस्कर गृहस्थांनी मान वळवून विचारलं, "तुम्हीं मराठी कां?"

ते गोविंदराव. वेस्ट मांबलमला राहणारे, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातले. त्यांचं मराठी माझ्या पणजोबांच्याही आधीचं, आणि हेल सगळा तमिळ. पहिल्या दिवशी मला निम्मं कळलं. पण त्यांनी कागदाच्या पुडीतलं सुंडल माझ्यापुढं धरलं — उकडलेले हरभरे, वर खोबरं आणि कैरीचे तुकडे — आणि त्या दिवसापासून पायरीवर माझी जागा त्यांच्या शेजारी ठरली. महिन्याभरात ते मला अरेतुरे करायला लागले, आणि मला ते बरं वाटलं.

आमचा क्लब गरीब. खेळाडू शोधायला पगारी माणूस ठेवणं परवडत नाही. म्हणून दरवर्षी हंगामाच्या आधी एक प्रकार चालतो. शहरातल्या कॉलेजांचे सामने सुरू झाले की आम्ही समर्थक कॉलेजं वाटून घेतो, ज्यानं त्यानं जाऊन पोरं बघायची, आणि मग पायऱ्यांवर बसून क्लबनं कुणाला घ्यावं यावर भांडायचं. क्लबचे सेक्रेटरी मणी सार — इकडं 'सर'चं 'सार' होतं — खालच्या पायरीवर कॉफी पीत ऐकत बसतात. ते काही बोलत नाहीत, पण आमच्या भांडणातून जी नावं शिल्लक राहतात त्यांनाच बहुतेक बोलावणं जातं.

भांडण मात्र बघण्यासारखं. स्पेअर पार्टचं दुकान असलेला भास्कर सगळ्यांची खेचायचा. एका बुटक्या गोलकीपरबद्दल म्हणाला, याला घ्या, पण सोबत स्टूलही घ्या. आवाज चढायचे, कुणी रुसून दोन पायऱ्या वर जाऊन बसायचं. फक्त एक गोष्ट सगळे पाळायचे. कुणी एखाद्या पोराबद्दल वाईट बोललं की एकच प्रश्न यायचा — नेरिल पात्तिया? म्हणजे, स्वतः डोळ्यांनी बघितलंस? हो म्हटलं की विषय संपला. मग ते नाव पुढं जात नसे. खोटं कोण बोलणार? खोटं बोलून मिळणार तरी काय?

त्या वर्षी गोविंदरावांनी एक पोरगा उचलून धरला होता. कदिर. डाव्या बाजूनं खेळणारा, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. गोविंदराव एरवी मोजकं बोलणारे, पण या पोराबद्दल बोलताना हातानं हवेत चेंडूची वाट काढून दाखवायचे. क्लबकडून एक हंगाम खेळला असता तर कुठल्या तरी सरकारी खात्याच्या संघात, खेळाडूंच्या भरतीत, नाव लागण्याची आशा. घरची तेवढीच वाट होती. हे मला माहीत होतं. नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

नियम असा की ज्यानं नाव सुचवलं त्याच्याखेरीज आणखी एकानं तरी बघून यायचं. गोविंदराव म्हणाले, दिलीप जाईल — म्हणजे मी. कोल्हापूरची नजर आहे ती. भास्कर लगेच म्हणाला, कोल्हापूर बोललं की मग देवाची शिफारसही चालायची नाही. सगळे हसले. मीही हसलो. खरं सांगायचं तर — फुशारलो.

सामना अण्णा नगरच्या पुढं होता. मी निघालो. मेट्रोनं अण्णा नगरला उतरलो, वर आलो, तर ऊन असं की डांबर मऊ लागत होतं. आठवडाभर कारखान्यात ऑडिट चाललेलं, झोप झालेली नव्हती. समोर मॉल होता. म्हटलं, पाच मिनिटं गारव्यात बसावं. बसलो. आइस्क्रीम खाल्लं. एक शर्ट बघितला, घेतला नाही. मग परत बसलो. सामना सुरू होऊन गेला असणार हे कळत होतं आणि मी उठत नव्हतो. कुणी अडवलं नव्हतं. बरं नव्हतं असंही नाही. संध्याकाळी फोनवर कुणीतरी निकाल टाकलेला दिसला — कदिरचं कॉलेज हरलं होतं. मी घरी गेलो.

पायरीवर मला विचारलं तेव्हा 'गेलो नाही' हे दोन शब्द होते. तोंडातही आले होते. पण सगळे माझ्याकडं बघत होते, मणी सारांनी कॉफीचा पेला खाली ठेवला होता. कौतुक करावं तर हे लोक सोडणार नाहीत — कुठल्या पायानं मारला, पास कुणाला दिला, सगळं विचारणार. दोष काढायला मात्र एक शब्द पुरतो. तो शब्द मी आमच्या पेठेतून आणलेला होता. आमच्याकडं खेळाडूला यापेक्षा वाईट काही म्हणत नाहीत. एकदा चिकटला की पोराच्या लग्नापर्यंत जात नाही.

तमिळमध्ये मी एवढंच सांगितलं की मागं पडल्यावर पोरगा धावायचा थांबला. मग गोविंदरावांकडं वळून मराठीत म्हणालो, "अंगचोर आहे."

त्यांनी विचारलं, "तूं स्वतः पाहिलास?"

"पाहिलं."

"मग पुरे," ते म्हणाले, आणि मणी सारांना त्यांनी स्वतःच सांगितलं की मी सुचवलेलं नाव मागं घेतो.

भांडले असते तर? मी बहुधा मोडलो असतो. पण ते भांडले नाहीत. माझ्यावर विश्वास ठेवायला त्यांना काहीच जड गेलं नाही.

दुसऱ्या कॉलेजचा पोरगा आला. ठीक खेळला. हंगाम सुरू झाला. गोविंदरावांनी त्यानंतर कधी कुणाचं नाव सुचवलं नाही. विचारलं की म्हणायचे, माझ्या डोळ्यांचं आता काही खरं नाही. मला वाटलं, वय झालं. मी तर त्यांची चेष्टाही करायचो — काय गोविंदराव, यंदा हिरा नाही का कुठला? ते हसायचे आणि सुंडलची पुडी माझ्यापुढं करायचे.

मग गेल्या वर्षीची गोष्ट. कारखान्यात एका पुरवठादार कंपनीचा माल मी रिजेक्ट केला होता, त्यांचा माणूस बोलायला आला. तिशीकडं झुकलेला, नम्र, सुटलेल्या पोटावर ओळखपत्र लोंबणारं. माझ्या टेबलावरच्या कॉफीच्या मगवर क्लबचं चिन्ह आहे. ते बघून तो खुलला. म्हणाला, सार, तुम्ही या क्लबचे? मी यांच्याकडून खेळता खेळता राहिलो. ओळखपत्रावर नाव वाचलं — कदिरवन.

तो हसत हसत सांगत होता. एखादी जुनी गंमत सांगावी तसा. क्लबकडून त्याच्या कोचला निरोप गेला होता की पोरगा त्या सामन्यात थांबला, अंग चोरतो. आणि त्या सामन्यात तो नव्हताच. त्याला कांजिण्या झाल्या होत्या. दाराला कडुनिंबाच्या डहाळ्या बांधलेल्या, आई त्याला अंगणातही येऊ देत नव्हती. बरं वाटायला लागल्यावर तो पत्ता शोधत मांबलम स्टेशनवर उतरला आणि चालत गोविंदरावांच्या घरी गेला. तोंडावर खपल्या तशाच होत्या.

"राव सार माझ्या तोंडाकडं बघतच राहिले," तो म्हणाला. "मग हात जोडले त्यांनी, सार. माझ्यापुढं. म्हणाले, चूक माझ्या डोळ्यांची झाली, दुसऱ्याच कुणाला तरी बघून मी तो तूच असं समजलो."

ते त्याला घेऊन मणी सारांकडंही गेले होते. पण तोवर हंगामासाठी खेळाडूंची नोंदणी होऊन गेली होती. पुढच्या वर्षी कॉलेज संपलेलं, वडिलांचं दुखणं, मिळाली ती नोकरी धरली. आता रविवारी ऑफिसातल्या लोकांबरोबर जाळीच्या छोट्या मैदानात खेळतो, तेही दम लागेपर्यंत. त्यानं विचारलं, राव सार कसे आहेत, ओळखता का तुम्ही त्यांना?

मी म्हणालो, ओळखतो.

एवढंच म्हणालो. तो समोर बसला होता, दार बंद होतं, तिसरं कुणी नव्हतं. मग मी त्याच्या मालाचे नमुने मागवले, एकेक हातात घेतला, मापं घेतली. माल खरोखरच खराब होता. रिजेक्टच्या कागदावर सही केली. तो आभार मानून गेला.

म्हणजे गोविंदरावांना माहीत होतं. त्या पोराच्या तोंडावरच्या खपल्या बघितल्या त्या क्षणापासून माहीत होतं. मी चेष्टा करत होतो तेव्हा माहीत होतं, पुडी पुढं करत होते तेव्हा माहीत होतं. मला वाचवायला ते असं वागले की स्वतःची शरम झाकायला? की एवढ्या वर्षांत घराबाहेर मराठी बोलायला मिळालेला एकच माणूस त्यांना घालवायचा नव्हता? मला सांगता येत नाही. विचारायचं तर आधी मला बोलावं लागेल.

मागच्या रविवारी पायऱ्यांवर परत भांडण झालं. भास्करनं एका विंगरवरून सगळ्यांना वेठीला धरलं होतं, वरातीत नाचायला बरा आहे म्हणाला. मग कुणीतरी मला विचारलं, कोल्हापूर, तू बघितलंस का त्याला? मी म्हणालो, नाही, मी गेलो नव्हतो. किती सोपं होतं ते. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही, भांडण पुढं चालू झालं. गोविंदराव मैदानाकडं बघत होते. आता त्यांना लांबचं नीट दिसत नाही, पाठीवरच्या आकड्यांवरून खेळाडू ओळखता येत नाहीत, मी शेजारून नावं सांगतो. ते माझ्या शब्दावर मान हलवतात.

त्या सामन्यात कदिर नव्हता, आणि मीही नव्हतो. हे गोविंदरावांना माहीत आहे. त्यांना माहीत आहे हे मला कळलंय, एवढं मात्र त्यांना माहीत नाही. येत्या रविवारी सामना आहे. मी त्यांच्याच शेजारी बसेन आणि मैदानावर कोण कोण आहे ते त्यांना सांगेन.