निकालाच्या आठवड्यात

गुरुग्रामचे उंच टॉवर जिथे संपतात, तिथे आमचं कॉलेज होतं. बाहेरून सगळी काच, आत रिकामे बाक. मी तिथे अर्थशास्त्र शिकवायचे. विद्यार्थी कमी होऊ लागले तसे चेअरमननी, म्हणजे कॉलेजच्या मालकांनी, आधी दोन तुकड्यांची एक केली, मग वरचा मजला एका कोचिंग क्लासला भाड्याने दिला. शिकवणं सुधारावं असं कुणाच्या मनातही आलं नाही.

मग एका उन्हाळ्यात त्यांनी आम्हा सगळ्या शिक्षकांना बोलावलं. यापुढे विद्यार्थी शिक्षकांनीच आणायचे, असं ठरलं होतं. माझ्याकडे बघून ते म्हणाले की मॅडम मराठी आहेत, आणि महाराष्ट्रातली किती तरी मुलं यूपीएससीसाठी दिल्लीत येऊन राहतात. पूर्व परीक्षेचा निकाल नुकताच लागला होता.

"रिझल्ट के बाद बच्चा नरम रहता है," ते म्हणाले. "उसी हफ्ते पकड़ लो."

मला शिसारी आली. बाकीचे माना हलवत होते. शेजारच्या प्राध्यापकाने तर तारीफ केली.

मुलांच्या खोल्यांवर मी गेले नसते तर दुसरं कुणी गेलं असतं. माझ्याबरोबर अ‍ॅडमिशनचा माणूस दिला होता. तो मूळचा गाझियाबादचा, मराठीचा गंधही नसलेला. दिल्लीतल्या एका भाड्याच्या खोलीत परभणीकडची एक मुलगी भेटली. रडून तिचे डोळे सुजले होते, तरी तिने आमच्यासाठी चहा टाकला. दुधात पाणी घालावं लागलं म्हणून ओशाळली. अ‍ॅडमिशनवाल्याने रंगीत माहितीपत्रक उघडलं. त्यावर हसणारी मुलं आमच्या कॉलेजात कधी आलीच नव्हती; ते फोटो विकत आणलेले होते.

तिने माझ्याकडे वळून मराठीत विचारलं, "ताई, तुम्ही आपल्या आहात म्हणून विचारते. कॉलेज चांगलं आहे ना?"

"नाही," मी म्हटलं. "तिथे कुणी शिकवत नाही, नोकरी लागत नाही. येऊ नकोस."

अ‍ॅडमिशनवाला मोठ्या समाधानाने मान डोलावत होता. मी कॉलेजची वाखाणणी करतेय असं त्याला वाटलं. खाली आल्यावर त्याने मला शाबासकी दिली.

पण जुलैत वर्गात गेले तर ती पहिल्या बाकावर बसलेली. चेअरमननी स्वतः फोन करून तिला फी-माफीचं आमिष दाखवलं होतं. तास संपल्यावर मी तिला बाजूला घेतलं.

"मी सांगितलं होतं ना तुला?"

"हो ताई. पण अब्बांना काय सांगू? कुठे तरी शिकतेय, एवढं तरी म्हणता यावं."

ती रोज यायची, टिपणं काढायची, आणि मी तिच्याकडे न बघता शिकवायचे. दिवाळीनंतर एके सकाळी आम्हाला कळलं की तिचा अभ्यासक्रमच बंद झालाय. मुलांनी सोनिपतकडच्या दुसऱ्या कॉलेजात जावं, तिथे बोलणं झालंय, असं सांगण्यात आलं. त्याच दिवशी चेअरमननी आम्हा शिक्षकांना मिठाईचे डबे वाटले, कारण इमारतीला नवा भाडेकरू मिळाला होता. काजूकतलीचा तो वास अजून आठवतो. मी डबा टेबलावर तसाच ठेवला आणि राजीनामा दिला.

ती सोनिपतला गेली नाही. सामान बांधून परभणीला परतली. आता तिथल्या एका शाळेत शिकवते, ईदला फोन करते. कॉलेजबद्दल आम्ही दोघीही बोलत नाही.

गेल्या महिन्यात चेअरमनचा फोन आला. त्याच इमारतीत आता नर्सिंग सुरू करतायत.

"मॅडम, महाराष्ट्र की लड़कियाँ बड़ी मेहनती होती हैं," ते म्हणाले. "कोई हो तो बताइए."

मी फोन बंद केला. मग ओढणीने तो पुसला. दोनदा.