एटापल्लीची सिलिंडरबाई

गिरजाबाईंना विनय ठाऊक नव्हता. लाकूड कापायचं बंद पडलेलं मशीन कोणी आणलं, की ते उघडायच्या आधीच त्या सांगत, "अख्खा जिल्हा फिरून ये. माह्यासारखं सिलिंडर कोणी साफ केलं तर मले दाखव." कोणी कधी दाखवलं नाही. एटापल्लीत सगळे त्यांना सिलिंडरबाई म्हणत, आणि त्यांना ते नाव फार आवडे.

मशीन दुरुस्तीचं दुकान मुळात नवऱ्याचं. त्याला लकवा झाला, तेव्हा तो खाटेवरून सांगायचा आणि बाई हात चालवायच्या. पुढे तोच विचारू लागला, "आता काय करून राह्यली?" बाई म्हणायच्या, "गप पडा. पाहून शिका." दोघंही खळखळून हसत.

मी तिथे वनरक्षक म्हणून नवीनच होते. त्या पावसाळ्यात पुरात वाहून आलेलं अर्जुनाचं झाड नाल्यावरच्या रपट्याला, म्हणजे ठेंगण्या पुलाला, आडवं अडकलं. नाल्याचं पाणी तुंबून वरच्या घरांकडे सरकू लागलं. कुऱ्हाडींना ते खोड दाद देईना, आणि आमच्या मशीनमध्ये घाईत कोणीतरी ऑइल न मिसळताच पेट्रोल भरलं. ते जागेवरच जाम झालं.

मी ते घेऊन बाईंकडे धावले. त्यांनी सिलिंडर काढून उजेडाला धरलं. पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळून आतल्या भिंतीला चिकटलं होतं.

"नवीनच लागेल का?" मी घाबरून विचारलं.

"काऊन? भिंत शाबूत हाय. वरून चिकटलं, तेवढं काढायचं."

नाकाला पदर बांधून त्या अंगणात बसल्या. काडीला कापूस गुंडाळून त्या डागांवर तेजाब, म्हणजे ॲसिड, टेकवायच्या. फेस आला की पुसायच्या, पुन्हा टेकवायच्या. मी घाई करू लागले तशा म्हणाल्या, "फेस येते तोवर ॲल्युमिनियम हाय. फेस थांबला का आपणही थांबायचं. नाई तं सिलिंडरच खाऊन टाकते ते." मग धुऊन बारीक पॉलिशपेपर फिरवला आणि करंगळीचं नख आतून ओढलं. ते कुठेच अडलं नाही. दुसरा पिस्टन, नवी रिंग घालून मशीन जुळवलं, आणि माझ्या हाती न देता त्या स्वतःच जीपमध्ये बसल्या.

रपट्यावर मशीन सुरू झालं. पावसात भिजत बाई कापणाऱ्यावर ओरडत होत्या, "रेस सोड! दम खाऊ दे त्याले!" खोडाचे तुकडे दोरानं ओढून काढले. संध्याकाळी पाणी उतरलं; एकाही घरात शिरलं नाही. बाया भोवती जमल्या तेव्हा बाईंनी सरळ सांगितलं, "मी केलं म्हणून झालं." खरंच होतं ते. त्यांच्या शेजारी उभं राहताना माझीच मान ताठ झाली होती.

पुढे माझी बदली कोरपन्याला झाली. गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. तेरवीला पोचले, तर दूरच्या पाड्यावरून एक माणूस मशीन घेऊन दारात उभा. त्याला काही माहीतच नव्हतं. नातेवाईक त्याला परत पाठवायला निघाले. तेवढ्यात बाईंची सून वनिता पदर खोचून बाहेर आली.

"द्या इकडं. बसा, जेवून घ्या तोवर."

पंगती उठत होत्या, तेव्हा तिनं मशीन सुरू करायची दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला मशीन गरजलं. बाईंची थोरली बहीण डोळे पुसत दारात आली आणि पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमची सून हाय ते."