वहिनींचा जड क्लच

मिस्तरींचं गॅरेज आणि माझं पंक्चरचं दुकान यांच्यामध्ये फक्त एक पत्रा आहे, त्यामुळे त्यांचं बोलणं माझ्या कानावर पडल्याशिवाय राहत नाही. हात सोन्याचा, जीभ मात्र कानशीसारखी. गाडी बिघडली की आधी गिऱ्हाइकालाच फैलावर घेणार. "गाडी खोटं बोलत नाही, माणूस बोलतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पन्नाशीत गाडी शिकायचं मनावर घेतलं. थोरली बहीण दोन तासांच्या अंतरावर एकटी राहायची. मनात येईल तेव्हा तिच्याकडे जाता यावं, एवढीच हौस. मिस्तरींनी एक जुनी गाडी नीट करून दिली. चार महिने वहिनी ऐटीत जाऊन येत होत्या. मग एका सकाळी गॅरेजच्या दारात गाडी थांबवून उतरल्या. "अहो, क्लच फार जड झालाय. गुडघा भरून येतो. जरा बघता का?"

मिस्तरींनी मानही वर केली नाही. "नाचता येईना, अंगण वाकडं!"

गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो, आता साळसूदपणा कशाला करू? वहिनीही हसल्या, किल्ली खिळ्याला अडकवली आणि चालत घरी गेल्या. त्या गाडीत पुन्हा कधी बसल्या नाहीत. बहिणीकडे जायचं ते मिस्तरींना सवड होईल तेव्हा, आणि ती वर्षातून दोनदा व्हायची.

वहिनी जाऊन दीड वर्ष झालं. परवा लेक म्हणाली, "बाबा, आईची गाडी मला द्या. मावशीकडे जात जाईन."

गाडी गॅरेजच्या मागे धूळ खात होती. दुसऱ्या बॅटरीच्या तारा जोडल्यावर इंजिन सुरू झालं, पण क्लच दाबूनही गिअर पडेना, नुसती करकर. "क्लचची प्लेट गंजून चिकटलीय," मिस्तरी म्हणाले. इंजिन चांगलं तापवून बंद केलं. आम्ही दोघांनी गाडी मोकळ्या जागेत ढकलली. मग गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून धरून त्यांनी स्टार्टर मारला. गाडी गचके खात निघाली आणि पाचव्या गचक्याला प्लेट सुटली. मी टाळी वाजवली. मिस्तरी मात्र पेडल पुन्हा पुन्हा दाबत बसले होते.

"जड आहे रे," ते म्हणाले.

बॉनेट उघडून त्यांनी क्लचची केबल चाचपली. बॅटरी धरून ठेवणाऱ्या पट्टीखाली ती चेपून वाकली होती. पट्टीच्या बोल्टवर पिवळ्या रंगाचा ठिपका होता. आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर असा ठिपका देणारा आमच्याकडे एकच माणूस. ती बॅटरी त्यांनीच बदलली होती, वहिनींनी तक्रार केली त्याच्या आठच दिवस आधी.

ते तिथंच एका टायरवर बसले. "पाच मिनिटांचं काम होतं," म्हणाले. मग ओंजळीत तोंड घेऊन रडले. मी पाणी आणून दिलं.

त्यांनी नवी केबल टाकली, पट्टी सरकवून बसवली. ठिपका पुसला नाही.

संध्याकाळी लेक आली. बसली, पेडल दाबलं. "बाबा, किती हलका आहे क्लच! आई उगाच घाबरायची."

हो म्हणाले असते, तर तिला कधी कळलं नसतं. मी थोडाच सांगणार होतो?

"उगाच नाही गं," मिस्तरी म्हणाले. "तिला छान येत होतं. अंगण मीच वाकडं केलं होतं."

 मग त्यांनी बॉनेट उघडलं आणि तिला तो पिवळा ठिपका दाखवला.